हाकेच्या अंतरावर मुंबई

आमच्या भागात जमीन मोजतात गुंठ्यांत आणि विकतात मिनिटांत. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे अलिबाग तालुक्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण त्या गुंठ्याचा भाव माती कशी, विहिरीला पाणी किती, बांधावर आंबा आहे की नुसतीच करवंदं, यावर ठरत नाही. मांडवा जेट्टीपासून गाडीने किती मिनिटं, यावर ठरतो. चोंढी नाक्यावर उभं राहून मान वर केली की फलकच फलक. जेट्टीपासून दहा मिनिटं. जेट्टीपासून फक्त पंधरा मिनिटं. ही मिनिटं एजंटची असतात. एजंटचं मिनिट म्हणजे मंगळवारी दुपारी अडीच वाजता, गुरं सावलीला बसलेली असताना, मोटरसायकलवरून गाठलेलं मिनिट. शनिवारी सकाळी बोटीची माणसं उतरली की त्याच मिनिटात एक गाडी जेमतेम एक हात पुढे सरकते, आणि तिच्यापुढे म्हैस असते.

मी इथलाच. मांडवा आणि अलिबाग यांच्या मधल्या पट्ट्यातलं एक गाव आहे, तिथला. नोकरी मात्र मुंबईत केली. रेवसहून लाँच पकडायची, भाऊच्या धक्क्याला उतरायचं, मासळीच्या पाट्या चुकवत बाहेर पडायचं आणि हापिसात जाऊन मासळीचा वास आपला नाही असा चेहरा करायचा. ओहोटीला लाँच रेवसच्या गाळात रुतली की लेट मार्क ठरलेला. साहेबाला समुद्राचं वेळापत्रक कळत नसे. त्यामुळे मुंबई सोडून इकडे राहायला येणाऱ्या माणसाकडे मी कुतूहलानेच बघतो. आमच्या तीन पिढ्या ज्या गावातून बाहेर पडण्यासाठी धडपडल्या, तिथे हा माणूस स्वतःच्या पैशाने आणि आनंदाने येतो. वर आल्याआल्या म्हणतो, "काय नशीबवान आहात हो तुम्ही!"

या मंडळींना गावाने नावं दिली ती त्यांनी मागे सोडलेल्या स्टेशनांची. शेताच्या पलीकडे बंगला बांधला ते मुलुंड. देवळामागच्या वाडीत राहतात ते पार्ले. अजून कुंपणाच्या वादात अडकलेत ते बोरिवली. "मुलुंड आज दिसलं नाय दुकानात," असं आमच्याकडे अगदी सहज बोलतात, आणि "पार्ल्याची मोटार जळली" हे वाक्य ऐकून कोणी दचकत नाही. बोरिवलीच्या सौभाग्यवती गावकीत 'बोरिवलीवहिनी' म्हणूनच ओळखल्या जातात. नातं जोडलं, पण पत्ता जुनाच ठेवला.

त्यांना गाव हवं असतं यात शंका नाही. पण गावाहून जास्त हवी असते ती परतीची बोट. गावं काय, गडचिरोलीतही आहेत. स्वस्त आहेत आणि शांततेचं तर विचारूच नका. तिकडे जागा बघायला मुलुंडहून कोणी निघालेलं मी पाहिलेलं नाही. गाव हवं ते मुंबईच्या हाकेच्या अंतरावर. हाक मारल्यावर ऐकू आलं पाहिजे, आणि मनात नसेल तेव्हा ऐकू आलं नाही असं सांगता आलं पाहिजे. हे दोन्ही जमतं अशी जागा मुंबईच्या आसपास एकच, खाडीपलीकडची आमची.

ही युक्ती आजची नाही. मुंबईच्या कटकटीला कंटाळून अलिबागला येणारी पहिली मोठी असामी म्हणजे एक वेधशाळा. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथल्या नाजूक उपकरणांचा जीव घाबरा झाला. ट्रामच्या विजेमुळे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद बिघडणार होती. मग १९०४ साली तिने अलिबागला बिऱ्हाड हलवलं, आणि तेही अशा इमारतीत, जिच्यात लोखंडाचा अंशही येऊ नये याची काळजी घेतलेली. काही काळ दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या आणि मगच कुलाब्याचं काम आवरलं. म्हणजे नव्या जागेत जम बसेपर्यंत मुंबईची जागा सोडायची नाही, हा आजच्या मुलुंडचा शिरस्तासुद्धा तिनेच घालून दिला. वेधशाळा आजही इथेच आहे. आल्यापासून तिने कोणाला शांततेबद्दल एक शब्द ऐकवलेला नाही.

दुसरे आले सालिम अली. १९३० मध्ये जर्मनीहून शिकून परत येतात तो मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी गेलेली. मग पत्नीच्या माहेरच्या किहीमच्या घरी मुक्काम. तिथे समोरच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. नोकरी नसलेल्या माणसाने व्हरांड्यात बसून समोरच्या झाडाकडे टक लावली तर गाव त्याला काय म्हणतं हे मला ठाऊक आहे. पण त्यांनी त्यातून जे काढलं त्याने पक्षिशास्त्राचं भलं झालं. सुगरणीचा नर अर्धंच घरटं विणतो आणि मादीची वाट बघतो. ती येते, आत शिरते, ओढून-ताणून बघते. पसंत पडलं तर राहते, मग तो ते पूर्ण करतो. आणि ती अंड्यांवर बसली की हा गृहस्थ शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. सेकंड होम ही कल्पना आमच्या किनाऱ्यावर बिल्डरांनी आणली असं जे समजतात त्यांनी हे लक्षात ठेवावं. फरक एवढाच की पसंतीचा अधिकार आमच्याकडे येणाऱ्या जोडप्यांतही मादीकडेच असला, तरी ती घर ओढून बघत नाही. नळ सोडून बघते.

आता येऊ कायद्याकडे, कारण खरी करमणूक तिथे आहे. १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा मुळात शेतकरी असावा लागतो. बिनशेती भूखंड परवडत नाही, आणि शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी व्हायचं, पण शेतकरी व्हायला आधी शेतजमीन लागते. हा पेच पडला की मुलुंडच्या चौथ्या मजल्यावर अचानक पूर्वजांची आठवण दाटून येते. ज्या आजोबांचा फोटो माळ्यावर उलटा पडला होता तो खाली येतो, पुसला जातो, दिवाणखान्यात लागतो. आजोबांचं गाव कोणतं? सांगली की साताऱ्याकडचं काहीतरी. तिथे ज्या चुलत्याशी गेल्या पिढीत विळा-भोपळ्याचं नातं होतं, त्याच्या घरी पेढे घेऊन जायचं. "काका, सहज आलो." काकांना सगळं कळलेलं असतं. मुंबईचा पुतण्या पेढे घेऊन सहज येत नाही, तो सातबाऱ्याला येतो.

एकदा शेतकरी असल्याचा दाखला हाती आला की माणसात फरक पडतो. मुलुंड तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरत होते आणि चहाच्या टपरीवर "आम्ही शेतकरी" अशी वाक्याची सुरुवात करत होते. त्या वर्षी पाऊस लांबला तेव्हा आमच्यापेक्षा तेच जास्त चिंतेत होते. त्यांच्या शेतात तेव्हा लॉन होतं.

पण आमच्याकडचा सातबारा हे प्रकरण वेगळंच. पाच गुंठ्यांना सव्वीस मालक. वर पणजोबा, खाली त्यांचे वारस, त्यात लग्न होऊन गेलेल्या आत्या, आणि प्रत्येकीची मुलं. एखाद्या नावापुढे 'अ.पा.क.' लिहिलेलं असतं. म्हणजे अज्ञान, सबब पालनकर्ता अमुक. हा अज्ञान बालक आज सत्तरीचा असतो, त्याला नातवंडं असतात, कवळी असते, पण सरकारदप्तरी तो अजून अज्ञानच, कारण सज्ञान झाल्याची नोंद घालायला कोणी तलाठ्याकडे गेलंच नाही. बोरिवलीने अशा सव्वीस जणांच्या सह्या जमवायला घेतल्या. एक बडोद्याला सापडले. एक घाटकोपरला, म्हणजे मुंबईतच. एक आत्या "सही देईन, पण आधी माझ्या भावाला माझ्यासमोर उभा करा" म्हणून बसल्या. बोरिवलीने त्या बहीण-भावाचा समेट घडवून आणला. आमच्या पंचांना इतकी वर्षं न जमलेलं काम. गावात त्यांना मान मिळाला तो तेव्हापासून. जमिनीचं अजून चालू आहे.

जागा ठरली की प्रवास. गेटवेहून मांडव्याला बोट साधारण तासाभरात येते. पलीकडे उतरलं की बोटवाल्यांचीच बस अलिबागला सोडते, तिकिटातच. हा तास मुंबईकराच्या आयुष्यातला सर्वात बढाईखोर तास असतो. "आमच्याकडून फोर्टला एक तास! डोंबिवलीहून किती लागतो?" हे वाक्य डोंबिवलीत राहणाऱ्या मेव्हण्याला फोनवर, वाऱ्याच्या आवाजासकट ऐकवायचं असतं. थंडीत बोटीमागे सीगल लागतात. दर शनिवारी नवे लोक त्यांना गाठिया, वेफर्स आणि कुरकुरे घालतात, आणि सोमवारचे जुने लोक वर्तमानपत्र डोक्यावर धरून बसतात. सीगलना दोन्ही वार पाठ आहेत.

मग रो-रो आली. मार्च २०२० मध्ये सुरू झाली न झाली तोच टाळेबंदी लागली, पण नंतर तिने जम बसवला. आता भाऊच्या धक्क्यावरून अख्खी गाडीच पोटात घेऊन ती मांडव्याला ओकते. पूर्वी माणूस दोन पिशव्या घेऊन यायचा. आता गाडीच्या टपावर गादी, डिकीत वॉशिंग मशीन, मागच्या काचेतून बाहेर बघणारा लॅब्राडोर आणि मांडीवर तुळस. हो, तुळस. गावाला येताना मुंबईहून तुळस आणणारी माणसं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. कुंडीवर नर्सरीची चिठ्ठी होती. त्या नर्सरीला रोपं आमच्याच शेजारच्या गावातून जातात.

मुंबईत बावळटाला "अलिबागसे आया है क्या?" असं विचारायची रीत होती. आमच्यातला एक जण या वाक्यावर बंदी आणा म्हणून हायकोर्टात गेला होता. कोर्टाने २०१९ मध्ये अर्ज फेटाळला. विनोद प्रत्येकावर होतात, मनाला लावून घेऊ नका, अशा अर्थाचं कोर्टाचं म्हणणं पडलं. कोर्टाने थोडा धीर धरायला सांगितलं असतं तरी चाललं असतं. आता तोच प्रश्न नरिमन पॉइंटच्या ऑफिसात पार्ल्याला विचारतात आणि पार्ले छाती फुगवून "हो, आजच सकाळच्या बोटीने" म्हणतात. विचारणाराच खजील होतो. त्याचं घर नालासोपाऱ्याला असतं.

बरं, आल्यावर पाहिजे काय? शांतता. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या आजींना मी हे समजावून सांगत होतो की ही मंडळी शांततेसाठी येतात. त्यांनी विचारलं, "शांतता? ती कशाला रं? मानसं मेली का गावातली?"

गाव शांत असतं हा समज कुठून पसरला कोणास ठाऊक. पहाटे चारला कोंबडा. साडेचारला पाण्याची मोटार. पाचला देवळात काकडा, लाउडस्पीकरवरून. सप्ताह असेल तर सात दिवस अखंड. लग्नसराईत हळद. आगरी-कोळी हळद ज्याने पाहिली नाही त्याने आवाज म्हणजे काय ते ऐकलेलंच नाही. नवरा-नवरीचं लग्न दुसऱ्या दिवशी असतं, पण गावाचं लग्न हळदीच्या रात्री लागतं. पहिल्याच मोसमात पार्ल्यांनी रात्री बाराला पोलिसांना फोन केला. जीप आली. उतरलेले हवालदार मांडवात शिरले, कारण ते नवरीचे मामा होते, आणि ड्यूटीमुळे उशीर झाला म्हणून बहीण त्यांच्यावर रुसली होती. अर्ध्या तासाने त्यांनी पार्ल्यांच्या फाटकाशी जाऊन अदबीने सांगितलं, "सायेब, आवाज कमी केलाय. तुमी जेवायला चला." पार्ले गेले. आता आमंत्रण आलं नाही तर वहिनींना वाईट वाटतं.

पण हळद परवडली, क्रिकेट नको. हिवाळ्यात भात कापून झालं की शेतं मोकळी होतात आणि टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. मैदानाच्या चारही बाजूंना कर्णे आणि टेबलावर समालोचक. आमचा समालोचक असा आहे की फलंदाजाच्या आजोळापासून सुरुवात करतो. षटकार गेला की चेंडू कोणाच्या वाडीत पडला, ती वाडी कोणाची, त्यांच्या मुलाने नुकतीच घेतलेली गाडी कोणती, हे सगळं पंचक्रोशीला कळतं. मुलुंडची ऑनलाइन मीटिंग असते तेव्हा साहेब परदेशातले. मुलुंड बोलत होते तिमाहीच्या आकड्यांवर आणि मागून समालोचक: "आणि हा चेंडू थेट मुलुंडवाल्यांच्या स्विमिंग पूलमध्ये! सायेब, जरा बॉल द्या!" साहेबांनी विचारलं, काय चाललंय? मुलुंडने कॅमेरा खिडकीकडे फिरवला. पुढची दहा मिनिटं तिमाही राहिली बाजूला. साहेब गोलंदाजी बघत होते.

वासाचंही तेच. जाहिरातीत 'खारा वारा' असं लिहिलेलं असतं. खाऱ्या वाऱ्यात थळ-नवगावच्या दोऱ्यांवर वाळणारे बोंबील आणि अंगणभर पसरलेला जवळा आधीच मिसळलेला असतो, हे छापायचं राहून जातं. एका नव्या बंगल्याच्या बाईंनी कोळणीला विचारलं की हा वास जाणार कधी? कोळीण म्हणाली, "वास कसला ताई, ही चव हाय. पावसात कळंल." बाईंना ते पावसात कळलं. बाजारात ताजी मासळी नाही, बोटी किनाऱ्याला लागलेल्या, आणि शेजारच्या घरातून सुक्या बोंबलाच्या चटणीचा वास येतोय. वाटी घेऊन स्वतः गेल्या.

बाजाराचं नुकसान मात्र यांनी भरून न येण्यासारखं केलं आहे. कोळणीशी घासाघीस ही आमच्याकडे एक कला होती. ती आठशे म्हणणार, आपण चारशे म्हणायचं, ती पाटीवर फडका टाकणार, आपण निघायचं नाटक करायचं, ती आपल्या आईची आठवण काढून हाक मारणार, आणि पाचशेला सौदा. दोघंही खूष. एके सकाळी पार्ले आले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणाल ते." असं वाक्य आमच्या बाजारात आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. कोळीण क्षणभर गप्पच झाली. तिला वाटलं, माणसाची तब्येत बरी नसेल. मग सावरली, आणि तेव्हापासून जिताड्याचा भाव आमच्याही आवाक्याबाहेर गेला. मला घरून ताकीद आहे, मासळी आणायला जायचं तर पार्ल्याच्या आधी तरी जा, नाहीतर बरंच नंतर.

पांढऱ्या कांद्याची तीच गत. कार्ले-खंडाळे-नेहुलीकडचा हा कांदा भात निघाल्यावर त्याच शेतात होतो. तिखट कमी, गोडसर, आणि पातीसकट वेणी घालून माळांनी विकतात. आम्ही जेवणात फोडून खायचो, कौतुक काही नाही. मग त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि कांदा एकदम खानदानी झाला. मुलुंड त्याची माळ दिवाणखान्यात लावतात. कापू देत नाहीत. वालांचं तर काय सांगू. भात कापल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावर वाल येतात, खत नाही, पाणी नाही, कारण आमच्याकडे दोन्हीला पैसे नव्हते. याला आता ऑरगॅनिक म्हणतात.

या वालांची पोपटी मात्र त्यांनी मनापासून शिकून घेतली, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या शेजारच्या तात्यांनी शिकवली. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला. त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधेच मसाला चोळलेली कोंबडी, चार अंडी, परत शेंगा. तोंडाशी पुन्हा पाला, गच्च कोंबून. पाण्याचा थेंब नाही. मग मडकं शेतात उपडं ठेवायचं, भोवती पेंढा, पालापाचोळा, गोवऱ्या, आणि आग. मुलुंडने वही काढली होती. "तात्या, किती वेळ?" तात्या म्हणाले, "झाली की काढायची." "झाली हे कळणार कसं?" "वास येतो." मुलुंडने वहीत 'वास' लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि मोबाइलवर पस्तीस मिनिटांचा गजर लावला. तात्यांनी मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले, ते चर्र करून उडाले, तसं काठीने मडकं बाहेर ओढलं. गजर पाच मिनिटांनी वाजला, तेव्हा अर्धी पोपटी संपली होती. आता पलीकडच्या रिसॉर्टमध्ये 'पोपटी नाइट' होते, तिकीट लावून. तात्यांना तिथे मडक्याशेजारी बसायचे पैसे मिळतात. डोक्याला फेटा बांधावा लागतो. तात्यांनी आयुष्यात फेटा बांधला नव्हता, आमच्याकडे टोपी घालतात.

पावसाळा मात्र निवडून काढतो. मेअखेरीला गेटवेच्या बोटी बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत. रो-रो हवामान बघून चालते, म्हणजे हवामान तिच्याकडे बघेल तशी. उरला रस्ता. पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड. तासाभराचं अंतर जूनमध्ये चार तासांचं होतं आणि वडखळच्या नाक्यावर काय वाढेल ते वेगळं. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे. त्या खड्ड्यांत आमच्याकडची एक पिढी मोठी झाली. बोट बंद झाली की हाक ऐकू येईनाशी होते. मग कोण किती गावकरी झालाय ते दिसतं. काही जण जूनमध्ये फर्निचरवर चादरी टाकून "मुलाच्या शाळेमुळे" निघतात. मूल तिशीचं असतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा मुलुंड आणि पार्ले टाळेबंदीमुळे इथेच अडकले होते. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौलं उडाली, विजेचे खांब वाकले आणि कितीतरी दिवस लाइट नव्हती. मुलुंडकडे इन्व्हर्टर, सोलर, सगळं होतं. पहिल्या संध्याकाळी त्यांच्या फाटकापुढे चाळीस मोबाइल चार्जिंगला. त्यांनी प्रत्येकावर चिठ्ठी लावून नंबर दिले, बँकेतली सवय. आणि पाणी मात्र त्यांनी आमच्या विहिरीवरून नेलं, कारण बोअरची मोटार सोलरवर ओढेना. पोहरा ओढताना त्यांचे हात सोलले, त्याचं त्यांना केवढं अप्रूप! फोटो मात्र निघाला नाही. त्यांचाच मोबाइल रांगेत सदतिसावा होता.

आता उलट्या बाजूने बघा. ज्याने मुलुंडला जमीन विकली तो आमचा मित्र. आलेल्या पैशात त्याने उलव्याला वन बीएचके घेतला. तिसरा मजला, लिफ्ट, चोवीस तास पाणी. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून तो म्हणतो, "मुंबई हाकेवर आली." शनिवार-रविवारी तो गावी येतो, शांततेसाठी. मुलुंडच्या कुंपणाशी गाडी लावतो आणि आपल्याच जुन्या आंब्याकडे बघत उभा राहतो. मे महिन्यात मुलुंड त्याला त्या झाडाचे आंबे पेटीत घालून देतात, वर 'आमच्या बागेतले' असं लिहून. तो पेटी घेतो आणि गाडीत बसेपर्यंत तोंडातून अक्षर काढत नाही.

त्याचा धाकटा मुलगा मुलुंडच्याच बंगल्याचा केअरटेकर आहे. मुलुंडचं अजून मुंबईत काही ना काही चालूच असतं, त्यामुळे सोमवारी ते जातात आणि शुक्रवारी येतात. मधल्या दिवसांत बंगल्यात फक्त हा. सकाळी व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर चहा, दुपारी स्विमिंग पूलच्या काठी आडवा, संध्याकाळी सुगरणींची घरटी बघत बसतो. ज्यासाठी मुलुंडने दोन कोटी मोजले ते हा महिना अठरा हजार पगार घेऊन करतो. त्याला मी विचारलं, कसं वाटतं? म्हणाला, "बोर होतं, भाऊ. उलव्याला जायचंय."

आणि आता रेवस-करंजा पूल. अंतुलेसाहेबांच्या वेळेपासून, म्हणजे १९८०-८२ पासून, आम्ही या पुलाबद्दल ऐकतोय. लहानपणी ज्यांना तो पूल दाखवायचं कबूल केलं होतं त्यांची मुलं आता कॉलेजात आहेत. पण हल्ली खरंच काम निघालंय, आणि त्याने सर्वांत अस्वस्थ कोण असेल तर मुलुंड. पूल झाला की कोणीही उठून इकडे येणार! त्यांनी मुरूड-श्रीवर्धनकडे चौकशी सुरू केली आहे असं पार्ले सांगतात, पण पार्ल्यांचं मुलुंडशी पटत नाही, तेव्हा किती धरायचं ते आपण ठरवावं.

मुलुंडने मधे एक गोष्ट मात्र पक्की केली. मतदारयादीतलं नाव मुंबईहून काढून इथे आणलं. त्याच आठवड्यात दोन्ही पॅनेलचे उमेदवार त्यांच्याकडे चहाला येऊन गेले, आणि आपण या गावाला हवे आहोत असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. मत असलं की ग्रामसभेत बोलताही येतं. यंदा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला ते झब्बा घालून सर्वांच्या आधी येऊन बसले. गणपूर्ती झाली नाही. आमच्याकडे कधीच होत नाही. शंभर माणसं एका जागी फक्त हळदीला जमतात. मग सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून लगेच पुढची तारीख लावून तीच माणसं परत तिथेच. या वेळी मुलुंड उठले. म्हणाले, पाणी पुरत नाही, रस्त्यावर गाड्या मावत नाहीत, रात्री-अपरात्री पार्ट्या चालतात, परवा तर एकाने आपल्या चुलीच्या धुराबद्दल तक्रार केली. "बाहेरच्या लोकांनी गावाची पार वाट लावली आहे. यापुढे बाहेरच्यांना एकही बांधकाम परवानगी देऊ नये, असा ठराव मी मांडतो."

सभेत थोडा वेळ कोणी बोललं नाही. सरपंचबाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, अनुमोदन कोणाचं?

मागच्या रांगेतून हात वर झाला. पार्ले होते.